बसचा पास आणि ३४ पैकी २४

नमस्कार श्रोतेहो.

आज फक्त दोन आकडे ध्यानात ठेवा. एकूण जागा ३४, आणि त्यातल्या ग्रीन पार्टी या पर्यावरणवादी पक्षाला मिळालेल्या २४. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाची काउंटी आहे. तिच्या मधल्या पट्ट्याचा कारभार मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिल पाहते. ४ मे २०२३ला तिथं मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागला, आणि ब्रिटनमध्ये एखाद्या कौन्सिलवर ग्रीन पार्टीला स्वबळावर बहुमत मिळालं ते पहिल्यांदाच. त्या दिवसांत मी तिथंच होतो. स्टोमार्केटजवळच्या एका खेड्यात, लेकीकडे.

डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हटलं की आपली जिल्हा परिषद डोळ्यांसमोर आणू नका. ती आपल्या पंचायत समितीच्या जवळची. वस्ती लाखभर, मुलूख शेतीचा, मधेमधे स्टोमार्केट, नीडम मार्केट, आय अशी बाजाराची गावं. शाळा, रस्ते, म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे काउंटीचं काम. कचरा उचलणं, बांधकामाची परवानगी, घरांचे प्रश्न आणि घरपट्टीची वसुली हे डिस्ट्रिक्टचं. खाली ग्रामपंचायतीसारखी पॅरिश कौन्सिल. एवढं आज पुरे आहे.

आता माझी गोष्ट सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. निवडणूक आली की ड्युटी ठरलेली. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत नऊ वेळा केंद्राध्यक्ष म्हणून बसलो. साहित्य ताब्यात घ्यायची रांग, एसटीतून केंद्रावर पोचणं, वर्गातली बाकं सरकवून सतरंजीवर काढलेली रात्र, पहाटेची लगबग, हे सगळं अंगात मुरलेलं. त्यामुळे जगात कुठंही मतदान केंद्र दिसलं की माझे पाय तिकडे वळतात.

लेकीला तिथं तीन वर्षं झाली होती, पासपोर्ट भारतीयच. आपल्याला इथं मत नाही असंच ती धरून चालली होती. तिला शहाणं केलं शेजारच्या आजींनी. आजी ८४ वर्षांच्या, एकट्या, परसात सात-आठ कोंबड्या. एकदा कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, तू कॉमनवेल्थमधली ना? मग यादीत नाव हवं तुझं." आणि ते खरंच आहे. कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला इंग्लंडमध्ये नाव नोंदवलं की मत देता येतं. स्थानिक निवडणुकीत तर येतंच, पार्लमेंटच्या निवडणुकीतही येतं. हे मी पुन्हा सांगतो, कारण तुमची मुलं, पुतणे, भाच्या तिकडे शिकायला आणि नोकरीला असतील: भारतीय पासपोर्टवर तिकडे मत आहे, फक्त नाव नोंदवायला हवं. आज रात्री फोन कराल तेव्हा तेवढं विचारा.

तर मतदानाचा गुरुवार. तिकडे सकाळी सात ते रात्री दहा मतदान चालतं. लेक इप्सविचहून कामावरून आली, जेवण उरकलं, आणि नऊच्या सुमाराला आम्ही तिघं निघालो. आजी, लेक आणि मी. गावाच्या सभागृहात केंद्र होतं. मला मत नव्हतं, म्हणून मी आत गेलो नाही. केंद्रात मतदाराखेरीज कुणी येऊ नये हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय. उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. दार सताड उघडं, आतलं सगळं दिसत होतं. पोलीस नाही, शाई नाही, मशीन नाही. टेबलाशी दोघं जण, समोर मतदार यादी, एक पट्टी, आणि मतदाराचं नाव सापडलं की पट्टी धरून त्यावर सरळ रेघ. कोपऱ्यात लाकडी आडोसे, त्यात दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. पेन्सिलीनं फुली मारायची, कागद दुमडायचा, पेटीत टाकायचा. बाहेर बाकावर एक निळं फूल लावलेला आणि एक हिरवं फूल लावलेली, दोघं प्रतिस्पर्धी पक्षांचे, शेजारी शेजारी बसून आपापल्या कागदावर कोण येऊन गेलं ते टिपत होते.

लेकीनं पासपोर्ट दाखवला. पानं उलटली, चेहरा पाहिला, मतपत्रिका हातात. अर्धं मिनिटही लागलं नसेल. मग आजी पुढे झाल्या. त्यांनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. आणि केंद्राध्यक्ष बाई म्हणाल्या, "फोटो असलेलं ओळखपत्र?"

श्रोतेहो, फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचा नियम इंग्लंडमध्ये त्याच निवडणुकीपासून लागू झाला. त्याआधी नाव आणि पत्ता सांगितला की मत देता येई. आजींनी आयुष्यभर तसंच दिलं होतं. मतदानाच्या कार्डावर नवा नियम छापलेला होता, आजींनी तो वाचलाही होता, पण निघताना राहिलं ते राहिलंच.

आजी म्हणाल्या, "तू माझ्याकडून अंडी नेतेस. मला ओळखत नाहीस?"

बाई म्हणाल्या, "ओळखते. चांगली ओळखते. पण मतपत्रिका देता येत नाही मला."

मी दारातून त्या बाईंचा चेहरा पाहत होतो. तो चेहरा मला माहीत आहे. ओळखीच्या माणसाला आपल्या तोंडानं नाही म्हणायचं, आणि नाही म्हणणंच बरोबर आहे हेही ठाऊक असायचं, तेव्हा माणूस टेबलावरच्या वस्तू उगाच सरळ करत राहतो. बाईंनी पट्टी उचलली, पुन्हा ठेवली. मग घड्याळ पाहिलं आणि आजींना म्हणाल्या, "वीस मिनिटांत परत या. दहाच्या आत रांगेत असलात तरी चालेल. बसचा पासही चालतो."

लेक धावत घरी गेली, गाडी घेऊन आली, आजींना बसवून नेलं. मी तिथंच थांबलो. हिरव्या फुलाच्या बाई उठून उभ्या राहिल्या. निळ्या फुलाचे गृहस्थही उठले. आजी कुणाला मत देणार हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि दोघंही रस्त्याकडे बघत होते. पावणेदहा झाले. दहाला दहा कमी. मधे एक तरुण जोडपं आलं, मत देऊन गेलं. पाय आत ठेवता येईना आणि बाहेर चैन पडेना.

लेकीनं नंतर सांगितलं, पास टेबलाच्या खणात नव्हता, पर्समध्ये नव्हता. आजी स्टोमार्केटला जायचा एक वेगळा कोट वापरतात, त्याच्या आतल्या खिशात निघाला. गाडी वळून सभागृहापाशी थांबली तेव्हा दहाला सहा मिनिटं कमी होती. आजी उतरल्या, पास हातात उंच धरलेला. केंद्राध्यक्ष बाईंनी तो हातात घेतला, फोटो पाहिला, आजींकडे पाहिलं. दररोज पाहिलेला चेहरा, तरीही नीट पाहिला. आणि पट्टी लावून नावावर रेघ मारली.

एवढीच गोष्ट आहे. माझं स्वतःचं मत असं की ओळखपत्र हवंच, त्यात वावगं काही नाही. पण नियम दाराशी येऊन उभा राहण्याआधी घरोघर पोचायला हवा. त्या दिवशी इंग्लंडभर ओळखपत्राअभावी मत न देताच राहिलेल्यांची निवडणूक आयोगानं मोजलेली संख्या किमान १४,००० आहे. गेले आणि परत आलेच नाहीत. आणि म्हाताऱ्यांचा बसचा पास चालतो, तरुणांचा रेल्वेचा सवलतीचा पास चालत नाही, हे मला आजही पटलेलं नाही.

एका मताला किंमत किती, ते सांगतो. २०१७ साली इंग्लंडमधल्याच नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिलच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात दोन उमेदवारांना प्रत्येकी ३५६ मतं पडली. फेरमोजणी करूनही तेवढीच. मग काड्या ओढल्या. लांब काडी लिबरल डेमोक्रॅट बाईंच्या हाती आली, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष ६७ पैकी ३३वर अडला. एका काडीनं बहुमत गेलं. त्याच वर्षी आपल्या मुंबई महापालिकेत २२० नंबरच्या वॉर्डाचा निकाल समसमान मतांमुळे चिठ्ठी काढून लागला, ते तुम्हाला आठवत असेल.

आता मिड सफोककडे परत. पुन्हा आकडे: ३४ पैकी ग्रीन २४, कॉन्झर्व्हेटिव्ह ६, लिबरल डेमोक्रॅट ४. त्याआधी २०१९ला ग्रीन होते १२, कॉन्झर्व्हेटिव्ह १६. म्हणजे बारांचे बरोबर दुप्पट झाले. २०१५ला तर ग्रीन नगरसेवक हाताच्या बोटांवर मोजावे एवढेच होते. देशातलं वारं फिरलेलं होतंच. २०२२च्या शरद ऋतूत तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या अर्थसंकल्पानंतर घरकर्जाचे हप्ते चढले, आणि २०२३च्या मे महिन्यात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं इंग्लंडभर हजाराहून जास्त जागा गमावल्या. पण सगळं श्रेय वाऱ्याला देऊ नका. त्याच दिवशी ब्रायटनसारख्या शहरात ग्रीन पार्टी ५४ पैकी ७ जागांवर घसरली, आणि इकडे शेतकऱ्यांच्या मुलखात जिंकली. वारं एकच असतं तर दोन्हीकडे सारखंच वाहिलं असतं.

मी तिथं होतो तोवर लेकीच्या दारात हिरव्या पक्षाची पत्रकं तीनदा पडली. त्यात पृथ्वी वाचवा असं कुठंच मोठ्या अक्षरांत नव्हतं. शेतांतून विजेचे उंच मनोरे नेण्याची नॉर्विच ते टिलबरी योजना, गावाच्या कडेला होऊ घातलेली घरं, नदीतलं सांडपाणी, बसची फेरी, असलं होतं. उमेदवार पायी फिरत होते. तिकडे या निवडणुकीला अनामत रक्कम नसते, वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या आणल्या की अर्ज भरता येतो. ही पद्धत मला फार आवडली. आपल्याकडेही गरीब माणसाला तेवढंच पुरायला हवं.

आणि दर चार वर्षांनी, मे महिन्याचा पहिला गुरुवार, २०१५, २०१९, २०२३, ठरल्याप्रमाणे मतदान. हे ऐकताना माझा जीव तुटतो. कारण २०२३च्या त्याच मे महिन्यात आपल्या मुंबई महापालिकेवर वर्षाहून जास्त काळ प्रशासक बसलेला होता. कितीतरी जिल्हा परिषदांतही तेच. गटाराचं झाकण तुटलं तर जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. निवडणूक हरणं मला चालतं, निवडणूक न होणं चालत नाही. मी केंद्राध्यक्ष म्हणून बसलोय, मला ते सोसत नाही.

असो. मिड सफोकमध्ये ग्रीन पार्टीचे अँड्र्यू मेलेन कौन्सिलचे प्रमुख झाले. पुढच्या वर्षी, जुलै २०२४मध्ये, याच भागातले काही वॉर्ड असलेल्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून ग्रीन पार्टीचे एड्रियन रॅमसे पार्लमेंटवर गेले. आणि त्याच डिसेंबरात सरकारनं श्वेतपत्रिका काढली, की डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशी दुहेरी रचना मोडून एकच मोठी कौन्सिल करायची. मला हे बरं वाटत नाही. आधीच मिड सफोकची कचेरी इप्सविचला, म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेर आहे. आणखी लांब नेऊन आजींसारख्यांनी जायचं कुठं?

निकालाच्या शुक्रवारी संध्याकाळी आजी कुंपणापाशी आल्या. दोन दिवसांवर… नाही, दुसऱ्याच दिवशी राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक होता, गल्लीत पताका लागल्या होत्या. लेकीनं २४चा आकडा सांगितला. आजींनी मत कुणाला दिलं ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अंड्यांची टोपली दिली आणि म्हणाल्या, "त्या बाईंनाही सहा द्यायचीत उद्या."

जूनमध्ये मी परत निघालो तेव्हा आजींचा निरोप घ्यायला गेलो. स्वयंपाकघरात दाराशेजारी खिळ्याला कौन्सिलनं पाठवलेलं कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक लटकलेलं होतं. कुठल्या वारी कुठला डबा बाहेर ठेवायचा ते. त्याच खिळ्याला, पांढऱ्या दोऱ्यानं बांधून, बसचा पास.