कलत्या घरातलं टेबल

(दृश्य: नांगरून ठेवलेली छोटी शिडाची होडी. कॅमेरा पायऱ्यांवरून हळूहळू केबिनमध्ये उतरतो.)

वाकून या, डोकं सांभाळा. 24 फुटी होडीच्या केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नाही. दोन्ही अंगांना बाक, पायऱ्यांशेजारी छोटा ओटा, पुढे नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, झोपायची निमुळती जागा. आणि मधोमध हे टेबल. एका टेबलापायी माझ्या किती सुट्ट्या गेल्या ते मी मोजलेलं नाही.

होडीबरोबर आलेलं टेबल दिसायला सुबक होतं. एकाच पाइपावर उभं, आणि पाइप तळफळीतल्या खोबणीत बसवलेला. पाइप काढून टेबलाची फळी बाकांच्या पातळीला टेकवली, वर गाद्या पसरल्या, की दोघांचं अंथरूण तयार. बंदरात ही सोय छान वाटायची. मग एकदा उघड्या समुद्रात आडवी लाट आली. मी पायऱ्या उतरत होतो. तोल गेला आणि हात आपसूक टेबलाच्या कडेवर पडला. पाइप खोबणीतून निसटला आणि टेबलासकट मी समोरच्या बाकावर आदळलो. बरगडी पुढचे तीन आठवडे दुखत होती.

तेव्हापासून मी स्वतःवरच लक्ष ठेवायला लागलो. होडी चालू असताना टेबलावर ताट येतं दिवसातून दोनदा. हात मात्र सारखा तिथेच जातो. उठताना, बसताना, शिडाचा दोर आणायला वर धावताना. म्हणून नव्या टेबलाची पहिली अट हीच ठरली, की माणूस सगळ्या वजनानिशी कोसळला तरी ते जागचं हलता कामा नये.

(दृश्य: पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी. केबिनमध्ये उभं केलेलं पुठ्ठ्याचं टेबल.)

लाकडाला हात लावण्याआधी मी पुठ्ठ्याचं टेबल केलं आणि दोन आठवडे त्याच्यासोबत राहिलो. गुडघे कुठे आपटतात, रात्री अंधारात कोपरा कुठे टोचतो, हे कागदावरच्या आराखड्यात कळत नाही. उंची तळफळीपासून 70 सेंटीमीटर ठरवली होती. पण बाकावर बसून खांदे वर यायला लागले, तेव्हा ती दोन सेंटीमीटरने उतरवली.

सुतारकाम येत असलं तरी होडीत पहिले काही दिवस चाचपडायला होतं. घरात आपण गुण्या लावतो, पाणसळ ठेवतो, ओळंबा सोडतो. तरंगत्या होडीत पाणसळीचा बुडबुडा एका जागी थांबत नाही, आणि ओळंबा झुलत राहतो. काटकोन तर शोधूनही सापडत नाही, कारण होडीचं अंग दोन्ही दिशांना वळत जातं. मी आधार घेतला तो दोन बाकांच्या कडांचा. दोन्हींवर एक सरळ पट्टी आडवी टाकली आणि प्रत्येक माप तिच्यापासून घेतलं. वळणाचा आकार उतरवायला पातळ लाकडी पट्ट्या गरम गोंदाने जोडत गेलो. ती चौकट उचलून बाहेर न्यायची आणि फळीवर गिरवायची.

एक माप सगळ्यात आधी घ्यावं, ते म्हणजे पायऱ्यांच्या तोंडाची रुंदी. माझ्याकडे ती 55 सेंटीमीटर आहे. किनाऱ्यावर झकास झालेलं टेबल आत शिरलंच नाही, तर काय उपयोग?

(दृश्य: टेबलाच्या झडपा उघडतात, मिटतात.)

रचना जुनीच आहे. मध्ये 22 सेंटीमीटर रुंदीचा कायमचा भाग, त्याच्या दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांवर 34 सेंटीमीटरच्या झडपा. मिटलं की दोन्ही बाजूंनी चालायला वाट राहते. दोघांचं अंथरूण मात्र गेलं, ते मी मुद्दाम जाऊ दिलं. समुद्रात रुंद बिछान्यावर माणूस गडगडतो. अरुंद बाकाच्या कडेला जाड कापड ताणून बांधलं, की त्या झोळीत गाढ झोप लागते.

सगळ्या झडपा उघडल्या की रुंदी 90 सेंटीमीटर. होडी 20 अंश कलली, तर एक कड दुसरीपेक्षा 30 सेंटीमीटर वर जाते. सपाट टेबलावर तेव्हा काहीच टिकणार नाही. म्हणून कडेने हा उभा कठडा, 30 मिलिमीटर उंचीचा. त्याची आतली बाजू सरळ ठेवली आहे. ती उतरती असती तर ताट तिच्यावरून चढून गेलं असतं. बाहेरची बाजू गोल, बोटांना पकड मिळावी म्हणून. चारही कोपऱ्यांत कठडा तोडलेला आहे, फडकं फिरवलं की सांडलेलं तिथून निघून जातं. झडपांवरचा कठडा खुंट्यांवर बसतो. नांगर टाकला की काढून ठेवायचा, म्हणजे लिहिताना मनगटाला रुतत नाही.

मिटलेली झडप होडी कलली की झुलते आणि रात्रभर आपटते. तिला खाली एक लाकडी अडसर आहे. दोन बोटांएवढाच आहे, पण सगळ्या कामात माझा सर्वात लाडका तोच.

सागवानाचा मोह मलाही झाला होता. 18 मिलिमीटर सागवानात हे टेबल आठ किलोंच्या वर गेलं असतं. 12 मिलिमीटरच्या, ओकूमे या हलक्या लाकडाच्या मरीन प्लायवुडमध्ये चार किलोंच्या आत बसलं. कठडे तेवढे सागवानाचे, कारण हात तिथे पडतो.

(दृश्य: डोलकाठीखालचा खांब, त्याला घट्ट बसवलेला पट्टा.)

आता मजबुतीकडे. हा खांब पाहा. डोलकाठी छतावर उभी आहे आणि तिचा सगळा दाब या खांबातून खाली कण्यापर्यंत, म्हणजे होडीच्या तळाच्या मधल्या तुळईपर्यंत, जातो. टेबल बांधायला याच्याइतकी भक्कम जागा नाही, पण याला भोक पाडायचं नाही. मी त्याच्याभोवती आतून रबर लावलेला दोन भागांचा पट्टा आवळला आणि टेबलाचं पुढचं टोक त्याला जोडलं. मागच्या टोकाला रुंद लाकडी पाय आहे. तळफळीत स्क्रू मारण्याआधी मी ती उचलून खाली काय आहे ते पाहिलं. माझ्या होडीत तिथे पाण्याची टाकी निघाली.

केबिनच्या रुंदीभर आडव्या घातलेल्या भिंतींनाही न कापण्याचा हाच नियम. त्या नुसत्या आडोशासाठी नसतात, होडीचा आकार त्या धरून ठेवतात. कपाटासाठी भिंतीत मोठी खिडकी कापायचा विचार मी सोडून दिला.

प्लायवुडच्या कडा पाणी पितात. प्रत्येक कडेला इपॉक्सीचे, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेचे, तीन हात दिले. स्क्रूची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली, मग त्यात पुन्हा बारीक भोक पाडलं, म्हणजे स्क्रूच्या वाटेने ओल लाकडात जात नाही. वाळलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊनच पॉलिश पेपर मारायचा. शेवटी ऊन सोसणारं व्हार्निश, कारण नुसतं इपॉक्सी उन्हात टिकत नाही.

(दृश्य: गादी उचलली जाते. खाली भोकं पाडलेली फळी.)

टेबल झालं आणि बाकीचं केबिन जुनं दिसायला लागलं. गाद्या उचलल्या तर खाली ओल. अंगाची ऊब वरून, थंड फळी खालून, मध्ये दव धरणारच. फळीला ओळीने भोकं पाडली, वर हवा खेळती ठेवणारी जाळी घातली.

कपाटांना चुंबकाच्या कड्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी होकायंत्र चुकलं. ते याच भिंतीच्या पलीकडे, बाहेरच्या अंगाला बसवलेलं आहे. आता तिथे लाकडी फिरत्या पट्ट्या आहेत. टेबलावरचा दिवा लाल आहे. पांढऱ्या उजेडानंतर डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

(दृश्य: होडी वाऱ्यावर कललेली. केबिनमध्ये लाल उजेड.)

आज वारा चांगला आहे. होडी डावीकडे झुकली आहे. चहाचा कप सरकत गेला आणि कठड्याला टेकून थांबला. वरून हाक आली. मी उठतोय, हात कडेवर आहे.

टेबल हललं नाही.