अक्षर आधी की इंग्रजी?

नमस्कार श्रोतेहो.

तुम्ही आत्ता माझं बोलणं ऐकताय. कुणी पोळ्या लाटत असेल, कुणी गाडी चालवत असेल. काही अडत नाही, कारण रेडिओला अक्षरओळख लागत नाही. आजचा विषय आहे, मोठेपणी अमेरिकेत जाऊन इंग्रजी शिकणारी स्पॅनिशभाषक माणसं आणि त्यांची अक्षरओळख. म्हणून त्याची सुरुवातही एका रेडिओ केंद्रापासूनच करते. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात 'रादिओ बिलिंग्वे' नावाचं केंद्र आहे. त्याचं प्रसारण 4 जुलै 1980 रोजी सुरू झालं. ते उभं करण्यात पुढाकार होता ऊगो मोरालेस यांचा. मेक्सिकोच्या वाहाका राज्यात मिश्तेक या तिथल्या मूळनिवासी समाजातल्या एका कुटुंबात ते जन्मले, कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांत वाढले आणि पुढे हार्वर्डमध्ये शिकले. हे केंद्र मुख्यतः स्पॅनिश बोलतं, पण त्यावर मिश्तेक भाषेतलाही कार्यक्रम लागतो.

आता प्रश्न असा, की ऐकणारे जर मेक्सिकोचेच, तर स्पॅनिश पुरेसं नाही का? नाही पुरत. आणि ते का पुरत नाही हे ज्याला कळलं, त्याला या माणसांच्या इंग्रजीचं निम्मं कोडं सुटलं, असं माझं मत आहे.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे लोक 4 कोटींहून जास्त आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं इंग्रजी उत्तम असतं. अनेकजण तर तिथेच जन्मलेले, तिथल्याच शाळांत शिकलेले. मी बोलतेय ते उरलेल्यांबद्दल. तिशी-चाळिशीत सीमा ओलांडून आलेले, दिवसभर हॉटेलच्या मुदपाकखान्यात, बांधकामावर, कोंबड्या सोलण्याच्या कारखान्यात काम करणारे, आणि संध्याकाळी चर्चच्या तळघरात किंवा ग्रंथालयाच्या खोलीत इंग्रजी शिकायला येऊन बसणारे.

असा एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. पहिल्या बाकावर व्हेनेझुएलाचा इंजिनिअर आहे. त्याच्यामागे मेक्सिकोच्या खेड्यातला, तिसरीत शाळा सोडलेला शेतकरी. आणि दाराजवळ ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातली बाई. तिची घरची भाषा माम. स्पॅनिश तिने बाजारात आणि मालकिणीच्या घरी ऐकून ऐकून उचललं. शाळेची पायरी ती चढलेलीच नाही. तिघांनाही इंग्रजी येत नाही, म्हणून तिघांच्याही नावापुढे एकच शेरा पडतो: स्पॅनिशभाषक, प्राथमिक पातळी.

या तिघांपुढचं काम मात्र तीन तऱ्हांचं आहे. इंजिनिअरला फक्त नवी भाषा शिकायची आहे. शेतकऱ्याला भाषा शिकायची आहे आणि अर्धवट सुटलेलं वाचन पक्कं करायचं आहे. त्या बाईला वाचन म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची आहे, तीही तिसऱ्या भाषेत.

ती शाळेत का गेली नाही? ग्वातेमालात 1960 ते 1996 यादवी युद्ध चाललं, आणि त्याची सगळ्यात जास्त झळ माया या मूळनिवासी समाजाच्या खेड्यांना बसली. शेजारच्या एल साल्वादोरमध्येही 1980 ते 1992 तेच. आज पन्नाशीत असलेल्या माणसाचं शाळेत जायचं वय नेमकं त्याच वर्षांत होतं. ग्वातेमालात माया कुळातल्या 22 भाषा अधिकृतपणे मानल्या जातात, त्यांतलीच माम एक. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मामभाषकांची मोठी वस्ती आहे. त्या भाषेचा दुभाषा मिळणं कठीण असतं, म्हणून कधीकधी कोर्टात दुहेरी साखळी लावावी लागते. एकजण मामचं स्पॅनिश करतो, दुसरा स्पॅनिशचं इंग्रजी, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं येतं.

आता स्पॅनिश वाचायला शिकवतात कसं, ते ऐका. मा, मे, मी, मो, मू. पा, पे, पी, पो, पू. ओळखीचं वाटलं ना? आपली बाराखडीच ती, फक्त पाच स्वरांची. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आणि लिहिलं तसं वाचायचं. थोडे नियम एकदा कळले की कुठलाही शब्द, अर्थ माहीत नसला तरी, मोठ्याने वाचता येतो. आपण मराठीत तेच करतो. त्यामुळे मेक्सिकोच्या त्या शेतकऱ्याची पुढची अडचण मराठी शाळेतून आलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

इंग्रजीत हा भरवसाच मोडतो. 'नाइफ' या शब्दाच्या सुरुवातीला 'के' कशाला उभा आहे? मुदपाकखान्यात दिवसभर सुरी हातात असलेल्या माणसाला हा शब्द कानाने पक्का ठाऊक असतो, पण कागदावर त्याची ओळख पटत नाही. स्पॅनिशमध्ये 'एच' हे अक्षर नेहमी मुकं असतं आणि 'ह'चा आवाज 'जे' काढतो. म्हणून 'हॉट' समोर आलं की तो 'ओत' वाचतो. बरं, इंग्रजीतही 'एच' सगळीकडे बोलतो असं नाही. 'हाउस'मध्ये बोलतो, 'आवर'मध्ये गप्प. 'बी' आणि 'व्ही' यांच्या आवाजात स्पॅनिश कानाला फरक नाही. 'शिप' आणि 'शीप' ही जोडी तर कुप्रसिद्धच आहे. आणि खरं सांगायचं तर बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे आपलंही कुठे लक्ष असतं? शब्दाच्या सुरुवातीला 'स' आणि पुढे व्यंजन आलं की स्पॅनिश जीभ आधी 'ए' लावते: एस्कूल, एस्टॉप. आपल्याकडे इस्कूल आणि इस्टेशन म्हणणारी पिढी होऊन गेली, तेव्हा हसायला नको.

लोक म्हणतात, लिपी तर तीच आहे, रोमन. चिनी किंवा अरबी माणसापेक्षा यांना सोपंच जाणार. शिकलेल्याला जातंही. 'हॉस्पिटल', 'इन्फॉर्मेशन' असे लॅटिन मुळाचे शेकडो शब्द दोन्ही भाषांत थोड्याफार फरकाने तेच आहेत, आणि इंजिनिअर ते डोळ्यांनी उचलतो. पण तेच अक्षर वेगळा आवाज काढतं, तेव्हा अर्धवट वाचणारा चुकीचा शब्द अगदी आत्मविश्वासाने वाचतो. अनोळखी लिपीपुढे माणूस निदान सावध तरी असतो.

आणि जिला वाचताच येत नाही, तिचं काय? एक छोटा खेळ खेळू. 'कमळ' शब्दातून सुरुवातीचा 'क' काढा. काय उरलं? 'मळ' म्हणालात ना? पण मी फक्त व्यंजन काढायला सांगितलं असतं, त्यातला 'अ' ठेवून, तर उत्तर आलं असतं 'अमळ'. आपण अक्षर धरून विचार करतो, कारण आपली लिपी तशी आहे. 1979 मध्ये जुझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना असंच शब्दातलं पहिलं व्यंजन गाळायला किंवा नवं जोडायला सांगितलं. बहुतेकांना ते जमेना. त्यांच्याच गावची, त्यांच्यासारखीच गरिबीत वाढलेली, पण मोठेपणी साक्षरता वर्गात शिकलेली माणसं मात्र ते करू शकली. म्हणजे शब्द सुट्या ध्वनींचा बनतो ही जाणीव जन्मजात नसते, वय वाढलं म्हणून येतही नाही. वाचायला शिकता शिकता ती येते, आणि पन्नाशीतही येऊ शकते.

पोर्तुगालमध्येच पुढे झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की शाळेत न गेलेली माणसं खरी वस्तू झटकन ओळखतात, पण त्याच वस्तूचं रेघांनी काढलेलं चित्र ओळखताना अडखळतात. आता प्रौढांच्या इंग्रजी वर्गातला कागद आठवा. डावीकडे रेघांची चित्रं, उजवीकडे शब्द, जोड्या लावा. शिक्षकाला वाटतं, सोप्यात सोपं दिलंय. त्या बाईसाठी तिथे एकावर एक चार कोडी असतात, आणि पेन्सिल कशी धरायची हे पाचवं. ती पुढच्या आठवड्यात येत नाही. हजेरीपटावर फक्त गैरहजेरी दिसते.

अर्जांचं वेगळंच दुखणं. स्पॅनिश जगात माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. अमेरिकन अर्जावर चौकोन तीन: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. मग वडिलांचं आडनाव मधल्या चौकोनात जाऊन पडतं, आणि एका कचेरीत बाई एका नावाची तर दुसऱ्या कचेरीत दुसऱ्याच नावाची होते. ज्या मराठी माणसाने वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घेऊन परदेशी अर्ज भरलेत, त्याला पुढचं सांगायला नको. तारखेत आधी महिना लिहायचा, हे आणखी एक. पाच-सहा लिहिलं की लेकराचा जन्म जूनऐवजी मेमध्ये होतो.

घरात मग दहा-बारा वर्षांचं पोर दुभाषा बनतं. बँकेत, शाळेत, घरमालकापुढे. दवाखान्यात आईच्या गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणाले हे त्याने आईला सांगायचं. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना, तातडीचा प्रसंग सोडला तर, मुलांना असं वापरायला 2016 च्या नियमांनी मनाई केली आहे. दुकानात आणि घरमालकाच्या दारात असा नियम चालत नाही. मोबाइलने थोडी सोय केलीय खरी. निरोप बोलून पाठवता येतो, पाटीचा फोटो काढला की भाषांतर मिळतं, ते मोठ्याने वाचूनही दाखवता येतं. मी याला पळवाट म्हणणार नाही. दोन ठिकाणी राबणाऱ्या माणसाला आज रात्री औषध किती घ्यायचं हे आजच कळायला हवं असतं.

अमेरिकेच्या कायद्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. 1917 मध्ये तिथे नियम झाला की सोळा वर्षांवरच्या परदेशी माणसाला, कोणत्याही भाषेतले का होईना, तीस-चाळीस शब्द वाचता आले पाहिजेत, तरच देशात प्रवेश. आणि त्याच वर्षी शेतात माणसं कमी पडू लागली, तेव्हा मेक्सिकन मजुरांना त्यातून सूट दिली गेली. पुढे 1942 ते 1964 या काळात ब्रासेरो योजनेखाली सुमारे 46 लाख करार करून मेक्सिकोतून मजूर नेले. करार स्पॅनिशमध्येही असत. अंगठा उठवणाऱ्याला त्याचा उपयोग किती, हे तुम्हीच ठरवा. हात हवे असतात तेव्हा अक्षराची अट सैल होते.

नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलण्याची अट 1906 ची, वाचण्या-लिहिण्याची 1950 ची. परीक्षा तशी भयंकर नाही: तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं, तीनपैकी एक लिहायचं. पन्नाशी उलटलेल्या आणि कायम रहिवासी म्हणून वीस वर्षं काढलेल्या माणसाला इंग्रजीतून सूट मिळते. पंचावन्न वय असेल तर पंधरा वर्षं पुरतात. नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरं मग तो स्वतःच्या भाषेत तोंडी देऊ शकतो. मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही तिथली अधिकृत भाषा ठरली, पण आदेशाने कुणाला वाचता येत नाही.

आकडे सांगताना आणखी एक गल्लत होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालानुसार अमेरिकेत सुमारे 4.3 कोटी प्रौढांची साक्षरता कमी आहे. त्यांतले दोन तृतीयांश तिथेच जन्मलेले आहेत, हे आधी लक्षात घ्या. आणि ती चाचणी इंग्रजी वाचनाची होती. म्हणजे आपला व्हेनेझुएलाचा इंजिनिअर आणि ती माम बाई, दोघं त्या हिशेबात एकाच रकान्यात बसणार.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. वाचायला माणूस एकदाच शिकतो. ती युक्ती नंतर दुसऱ्या भाषेत नेता येते. म्हणून ती कानाला सवयीच्या भाषेत शिकवावी. इंग्रजी तोंडी चालू ठेवावं, अगदी पहिल्या दिवसापासून, कारण मुकादमाशी उद्याच बोलायचं असतं. पण अक्षरं स्पॅनिशमध्ये गिरवावीत, मा-मे-मी-मो-मू करत. मेक्सिकोची प्रौढशिक्षणाची राष्ट्रीय संस्था 1981 मध्ये स्थापन झाली. तिची 'प्लासा कोमुनितारिया' नावाची केंद्रं मेक्सिकन वकिलातींच्या मदतीने अमेरिकेतही चालतात, आणि तिथे मोठी माणसं स्पॅनिशमधून राहिलेली शाळा पुरी करतात. अडचण येते ती शिकणाऱ्यांकडूनच. 'मी इंग्रजीसाठी आलेय, स्पॅनिश मला येतंच की.' वाचता येत नाही हे चारचौघांत कबूल करणं कुणाला आवडेल? आणि माम बाईसाठी तर हाही उपाय अर्धाच. माया भाषांची एकसमान वर्णमाला 1987 मध्ये मान्य झाली; तिच्या पिढीला ती कुणी शिकवलीच नाही.

कोलंबियात 1947 मध्ये सुतातेन्सा नावाच्या डोंगरी गावात साल्सेदो नावाच्या पाद्र्याने रेडिओवरून शेतकऱ्यांना अक्षरं शिकवायला सुरुवात केली होती. आवाज रेडिओचा, हातात छोटी पुस्तिका, आणि शेजारी बसून बोट फिरवणारा गावातलाच एक शिकलेला माणूस. हा शेजारी महत्त्वाचा.

तो शेजारी आपल्यातलाही असू शकतो. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर तुम्ही मसाले आणि मिठाई घ्यायला जाता. तिथून दोन पावलांवर रूझवेल्ट अव्हेन्यू सुरू होतो आणि पाट्या स्पॅनिश होतात. अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी मंडळी, निवृत्त झालेली किंवा मुलांकडे राहायला गेलेली, ग्रंथालयात इंग्रजी शिकवायला जाऊ शकतात. जाल तर नाव नोंदवून घेताना 'इंग्रजी किती येतं' हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला विचारा: किती वर्षं शाळेत गेलात, आणि शाळा कोणत्या भाषेत होती? हे एकट्यात विचारा, सगळ्यांसमोर नको. आणि पहिल्या दिवशी चित्रांचा कागद देऊ नका. खरी सुरी, खरी किल्ली, औषधाची खरी बाटली घेऊन जा.

नमस्कार.