मॉड्यूलची वेस ओलांडताना

मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'कंपायलरमधलं रिग्रेशन कसं शोधावं', म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत आधी नीट चालणारं काही बिघडलं, तर ते कसं हुडकावं. त्याकडे येतोच, पण आधी एक तक्रार.

एका प्रकल्पात टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि त्याच्या जोडीची साधनं, नवी केली. कोडची एक ओळही बदलली नव्हती. बिल्ड विनातक्रार झालं आणि प्रोग्राम सुरू होताच कोसळला. टीममध्ये नव्यानेच आलेल्या सहकारी मुलीने कोसळणारा जेनेरिक कोड, म्हणजे डेटाच्या अनेक प्रकारांसाठी (टाइपसाठी) एकदाच लिहिलेला कोड, दुसऱ्या मॉड्यूलमधून, म्हणजे वेगळ्या बिल्ड होणाऱ्या भागातून, उचलून वापराच्या मॉड्यूलमध्ये ठेवला; क्रॅश गायब. परत हलवला, परत क्रॅश. इतका ढळढळीत पुरावा असूनही वरिष्ठ तिला सांगत राहिले, "तुझ्याच कोडमध्ये काहीतरी असणार, पॉइंटर तपास." मला याचा आजही संताप येतो. कंपायलर चुकतच नाही, ही अंधश्रद्धा आहे, आणि तिचा भुर्दंड नेहमी टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला पडतो.

दोन मॉड्यूलमधल्या या वेशीवर नेमकं काय होतं? स्विफ्ट ही प्रोग्रामिंगची भाषा घ्या. जेनेरिक फंक्शन त्याच मॉड्यूलमध्ये असेल, तर ऑप्टिमायझर, म्हणजे कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग, ठरावीक टाइपसाठी त्याची खास प्रत काढू शकतो. दुसऱ्या मॉड्यूलमधल्या फंक्शनचा आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. मग ते फंक्शन चालता चालता विचारतं: हा टाइप किती बाइटचा, कॉपी कसा करायचा, नष्ट कसा करायचा? उत्तरं व्हॅल्यू विटनेस टेबलमधून, म्हणजे प्रत्येक टाइपची ही माहिती ठेवणाऱ्या तक्त्यातून, मिळतात. 64 बिटच्या मशीनवर ऑप्शनल इंटचा (असेल किंवा नसेल अशा पूर्णांकाचा) आकार 9 बाइट, पण ॲरेत तो प्रत्येकी 16 बाइट जागा अडवतो. समजा एका बाजूने 16 धरले आणि दुसरीने 9. पहिला घटक बिनचूक वाचला जातो! दुसऱ्यापासून कचरा सुरू. टाइप-तपासणी तर केव्हाच उरकलेली असते, त्यामुळे इशारा देणारं कुणीच उरत नाही. एकाच फाइलच्या चाचणीत ही वेसच नसते, मग वेशीवरचा बग त्या चाचणीला सापडणार कसा?

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून भराभर सांगतो. आधी बिल्डचा कॅशे, म्हणजे मागच्या बिल्डचे साठवलेले निकाल, पुसा. रस्ट या भाषेची 1.52.0 आवृत्ती 6 मे 2021 ला आली आणि 10 मेच्या 1.52.1 मध्ये इन्क्रिमेंटल कंपायलेशन, म्हणजे फक्त बदललेला भाग नव्याने कंपाइल करणं, न सांगता चालू होणार नाही असं बंद ठेवलं, कारण शिळे निकाल पुन्हा वापरले जाण्याचा धोका होता. असा निर्णय घ्यायला धाडस लागतं. मग ऑप्टिमायझेशन चालू आणि बंद, दोन्ही करून पाहा. कोड छाटत छाटत दोन चिमुकल्या मॉड्यूलवर आणा, पण ती दोन्ही जोडून एकच मॉड्यूल करू नका. अनेकजण इथेच बग हरवतात. जुन्या-नव्या टूलचेनच्या मधल्या बदलांचं द्विभाजन करा, म्हणजे दर फेरीला मधला बदल तपासून निम्मे बाद करा; हजार बदल असले तरी साधारण दहा फेऱ्यांत दोषी बदल हाती लागतो. आणि बग नोंदवताना दोन्ही मॉड्यूलच्या बिल्ड कमांड जशाच्या तशा द्या, क्रमासकट.