अंबरनाथचं देऊळ हेमाडपंतांचं नाही

नमस्कार मंडळी. माझ्या मागे दिसतंय ते अंबरनाथचं शिवमंदिर. वालधुनीचा काठ, आजूबाजूला इमारती आणि मधोमध हा काळा दगड. इथे कुणालाही विचारा, "हेमाडपंती आहे" असंच सांगतात.

आता तारखा बघू. उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर शिलालेख आहे. त्यात शक 982, म्हणजे इसवी सन 1060. राजा उत्तर कोकणचा शिलाहार, माम्वाणी. आणि हेमाद्रीपंडित, म्हणजेच आपले हेमाडपंत? देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. मध्ये दोनशे वर्षं गेली! ज्यांनी हे उभं केलं त्या शिलाहारांचं नाव आपल्या एका शब्दाखाली पुसलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चुना न वापरता दगडावर दगड बसवला की हेमाडपंती, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण ही रचण्याची रीत झाली, आणि ती हेमाद्रीच्या आधीपासून आहे. शैली ओळखायची तर मान वर करून शिखर बघायचं.

[कॅमेरा शिखरावर, सावकाश]

हे भूमिज शिखर. प्रत्येक बाजूला मधोमध, खालून वर चढत गेलेला नक्षीचा उभा पट्टा दिसतोय? ती लता. आता दोन लतांमधला भाग बघा. तिथे चिमुकली शिखरं ओळीने मांडली आहेत, प्रत्येक आपापल्या छोट्या खांबावर. अशी एक आडवी ओळ म्हणजे एक भूमी. खालच्या भूमीतली शिखरं मोठी, वरच्या भूमीतली लहान, त्याच्या वरची आणखी लहान. म्हणजे मोठं शिखर घडलंय त्याच्याच लहान रूपांतून. डोळा एकेका ओळीवरून आपोआप वर सरकत जातो. मी कितीदा इथे आलोय, तरी दरवेळी मान दुखेपर्यंत बघत राहतो.

याच शतकात माळव्यात परमार राजा उदयादित्याने उदयपूरला उदयेश्वर बांधलं. तेही भूमिजच.

अंबरनाथच्या शिखराचा माथा मात्र आज नाही. माथ्यापर्यंत चढलेलं भूमिज शिखर बघायचं तर सिन्नरला गोंदेश्वर गाठा. ते यादवांच्या काळातलं पंचायतन आहे: एकाच जोत्यावर मध्ये महादेव, कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य, समोर नंदीमंडप.

[पुन्हा अंबरनाथ, सभामंडप]

आता आत चला. एरवी देवासाठी आपण पायऱ्या चढतो, इथे उतरायच्या. गाभारा मंडपापेक्षा बराच खाली आहे. बाहेर इतकं उंच चढलेलं देऊळ, आणि पिंड जमिनीच्या पोटात. खाली दगड गार लागतो, आवाज बसतो. चला, चपला काढा, मी पुढे होतो.