आतडं शाबूत, तरी जुलाब

श्रोतेहो, नमस्कार.

जुलाब म्हटलं की आपण समजतो, आतड्याला इजा झाली. काही हगवणींत ते खरंही असतं. पण पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, रोगी तासाला लिटरभर पाणी गमावत असतो आणि त्याच वेळी त्याच्या आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर अस्तर जवळजवळ धडधाकट दिसतं. रक्त नाही, पू नाही. नुसतं तांदळाच्या धुवणासारखं पाणी. मग हे पाणी येतं तरी कुठून?

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात कॉलऱ्याच्या जंतूचा अभ्यास केला, तेव्हाच हा जंतू एखादं विष सोडत असणार, असा त्यांचा तर्क होता. ते विष हाती लागायला पाऊणशे वर्षं गेली. कोलकात्याचेच डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्हीकडून दोऱ्यानं बांधला. जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो द्रव गाळून, जंतू पार काढून टाकून, त्यांनी आत सोडला. काही तासांनी तो भाग पाण्यानं टम्म फुगला होता. जंतू नाहीत, तरी पाणी आहे! १९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे छापून आलं. ससा, दोरा आणि गाळणी. मला या प्रयोगाचं आजही अप्रूप वाटतं.

आता आतड्याच्या एका पेशीजवळ जाऊ. तिच्या आवरणात काही स्निग्ध रेणू रुतलेले असतात आणि त्यांची शर्करेची टोकं बाहेर डोकावत असतात. अशाच एका रेणूचं नाव जीएम-वन. कॉलऱ्याच्या विषाचे दोन भाग आहेत. ‘बी’ भाग म्हणजे पाच सारख्या तुकड्यांचं कडं. हे तुकडे त्या शर्करेला घट्ट धरतात. कड्यावर बसलेला असतो ‘ए’ भाग, आणि खरी करामत त्याची. पेशी हे सगळं आवरणासकट आत ओढून घेते. पेशीत प्रथिनं घडवणारा एक कप्पा असतो. बिघडलेली प्रथिनं त्या कप्प्याबाहेर, पेशीतल्या द्रवात फेकण्यासाठी एक वाट असते. ‘ए’चा तुकडा त्या कप्प्यात पोचतो, स्वतःच बिघडलेलं प्रथिन असल्याचं सोंग घेतो आणि त्याच वाटेनं पेशीतल्या द्रवात उतरतो. चोराला घरच्यांनीच आत आणून सोडावं, तसं हे.

आवरणाच्या आतल्या बाजूला एक बटण असतं, जी-प्रथिन नावाचं. एरवी बाहेरून निरोप आला की ते चालू होतं आणि काही क्षणांत आपोआप बंद पडतं. ‘ए’ त्याला एक रासायनिक गाठ मारून ठेवतो. बटण चालू होतं, पण बंद होणं विसरतं. पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू साचत जातो, क्लोराइडची दारं सताड उघडतात, क्लोराइडमागून सोडियम आणि सोडियममागून पाणी. मारलेली गाठ सुटत नाही. सुटका होते ती पेशीच झडते तेव्हा. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात, म्हणून तेवढे दिवस रोग्याला जगवलं की बाकीचं आतडं पाहून घेतं.

लहान मुलांना आणि प्रवाशांना जुलाब करणाऱ्या काही ई. कोलाय जंतूंकडेही जवळपास असंच विष असतं. शिवाय आणखी एक असतं, ते मला जास्त धूर्त वाटतं. अवघ्या १८-१९ अमिनो आम्लांचं, उकळूनही न बिघडणारं. ते पेशीत शिरतच नाही. आतड्याचं ग्वानिलिन नावाचं स्वतःचं एक संप्रेरक आहे. ते ज्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रेणूवर, येऊन बसतं, त्याच ग्राहीवर हे विष ग्वानिलिनची नक्कल करत बसतं आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जोरानं निरोप देतं. गंमत म्हणजे बद्धकोष्ठावरचं लिनाक्लोटाइड हे औषध नेमक्या याच ग्राहीवर काम करतं.

दुसरे काही ई. कोलाय जंतू शिगा नावाचं विष सोडतात. त्याची गोष्ट वेगळी आणि भीषण. त्याचा ग्राही जीबी-थ्री. हे विष पेशीचं प्रथिनं बनवणंच थांबवतं, म्हणून रक्ती हगवण लागते आणि मूत्रपिंडालाही धोका पोचतो. गुरांच्या रक्तवाहिन्यांत हा ग्राही नसतो, त्यामुळे जनावर हा जंतू पोटात बाळगून मजेत चरत असतं.

आता जलसंजीवनीकडे वळतो. कॉलऱ्यात पाणी बाहेर सोडणारं दार अडकलं, तरी शेजारचं दुसरं एक दार शाबूत राहतं. ते सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आले तरच दोघांना आत घेतं, आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ जातं. म्हणून नुसत्या पाण्यानं भागत नाही, नुसत्या मिठानंही नाही. पण साखर जास्त झाली की ती उलट पाणी आतड्यात खेचते. म्हणून २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जलसंजीवनीतलं ग्लुकोज आणि मीठ दोन्ही कमी केलं आणि एकूण तीव्रता, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, लिटरमागे ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणली. तेव्हा पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पाणी एक लिटरच घ्या. मूल पीत नाही म्हणून वर चमचाभर साखर घालू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याचमच्यानं पाजायला लागा.

नमस्कार.