तिंबुलस्लोको: जमीन खाली गेली, गाव राहिलं

(खाडीकाठच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

इथे येताना बांधावरून चालत आले. भरती लागली होती. एका बाजूला खाडीचं पाणी चढत होतं आणि दुसऱ्या बाजूला खाचरं कोरडी होती. तुमच्यापैकी ज्यांची खाजणात शेती आहे त्यांना बांधाची किंमत मी सांगायला नको. एक खांड पडते, तिची दुरुस्ती एक पावसाळा लांबते, खारं पाणी आत शिरतं आणि दोन-तीन वर्षांत भाताच्या जागी तिवरं उभी राहतात. आज मी ज्या गावाबद्दल बोलणार आहे, तिथे बांध फुटून सगळं संपलं असं झालं नाही. तिथे पायाखालची जमीनच खाली गेली.

गावाचं नाव तिंबुलस्लोको. इंडोनेशियात जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेमारांग हे मोठं बंदर आहे, सोळा-सतरा लाख वस्तीचं. त्याच्या पूर्वेला लागून देमाक जिल्हा आणि त्यातला पहिलाच तालुका सायुंग. तिंबुलस्लोको, बेदोनो, स्रीवुलान ही सगळी या सायुंगची किनाऱ्यावरची गावं. आपल्यासारख्याच त्यांच्या वाड्या असतात, वाडीला ते दुकुह म्हणतात.

देमाक हे नाव जावाच्या इतिहासात मोठं आहे. जावातली पहिली मुस्लिम सल्तनत इथली, पंधराव्या शतकाच्या अखेरची, आणि तिची मशीद आजही उभी आहे. तेव्हा देमाक बंदर होतं. आज ते शहर समुद्रापासून बरंच आत आहे, कारण त्या काळी जावा आणि मुरिया डोंगर यांच्यामध्ये एक सामुद्रधुनी होती आणि पुढच्या शतकांत ती नद्यांच्या गाळाने भरून गेली. म्हणजे हा सगळा प्रदेश समुद्राने दिलेला आहे. गाळाची कोवळी जमीन आहे ती, अजून नीट बसलेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1990 च्या आसपासपर्यंत तिंबुलस्लोकोत भात होत होता, मिरची होत होती, माड होते. आज तिथले म्हातारे लोक पाण्याकडे बोट दाखवतात आणि सांगतात, हे आमचं शेत, तो रस्ता, तिकडे मुलं फुटबॉल खेळायची. बोट दाखवतात तिथे आपल्याला सपाट, राखाडी पाणी दिसतं आणि त्यात उभे असलेले काही वाळके बुंधे.

हे कसं झालं? याची सुरुवात एका चांगल्या निर्णयापासून होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सत्तरच्या दशकात जावाच्या समुद्रात ट्रॉलर फार वाढले. लहान कोळ्यांची जाळी तुटायची, मारामाऱ्या व्हायच्या, होड्या जाळल्या जायच्या. शेवटी 1980 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने जावा, सुमात्रा आणि बालीच्या पाण्यात ट्रॉलर बंद झाले. लहान कोळ्यांचा हा मोठा विजय होता, जगात त्या वेळी असं फार ठिकाणी झालं नव्हतं. पण कोळंबी हा निर्यातीचा माल. समुद्रातून ती कमी येणार म्हटल्यावर सरकारने तळ्यांतल्या कोळंबीला उत्तेजन दिलं. किनाऱ्यावरची कांदळवनं तोडून तिथे तळी खणली गेली. तिकडे त्यांना ताम्बाक म्हणतात. टायगर कोळंबीला जपानमध्ये मोठा भाव होता आणि काही वर्षं या गावांत खरोखर पैसा आला. पक्की घरं झाली, माणसं हजला जाऊन आली. मग नव्वदच्या दशकात कोळंबीवर रोग पडले आणि तळी ओस पडली. कांदळवन मात्र परत आलं नाही. लाट अडवायला किनाऱ्यावर काही उरलं नव्हतं आणि तळ्यांचे मातीचे बांध एकेक करून विरघळत गेले.

एवढंच झालं असतं तर गाव सावरलं असतं असं मला वाटतं. पण शेजारी सेमारांग वाढत होतं. कारखाने, गोदामं, वसाहती आल्या आणि त्यांना पाणी हवं होतं. ते खोल विहिरींतून उपसलं गेलं. कोवळ्या गाळाच्या पोटातलं पाणी काढलं की गाळ दबतो, आणि एकदा दबलेला गाळ पुन्हा फुगत नाही. सेमारांग-देमाकच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी जमीन वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर खचते. जगभरात समुद्राची पातळी वाढते आहे ती वर्षाला साधारण 3 ते 4 मिलिमीटर. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. हवामानबदल खराच आहे आणि त्याने या गावाचं नुकसान होतच आहे. पण सगळं खापर समुद्रावर फोडलं की विहिरी कुणाच्या, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आणि यातली अवघड गोष्ट अशी की गावातलं जमिनीच्या वरच्या थरातलं पाणी खारट झाल्यावर गावालाही प्यायला खोल विहिरीचंच पाणी लागतं. अर्थात वाडीचे हंडे आणि कारखान्याचे पंप एका मापात मोजता येणार नाहीत.

इथे बसलेल्या कोळी बांधवांना एक गोष्ट चटकन कळेल. आपल्याकडे उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत दोन पुरुषांचा फरक पडतो. पाणी येतं तसं जातं, दिवसातून दोनदा. ओहोटीला खाडी रिकामी होते, घाण निघून जाते, भिंती वाळतात. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. त्यामुळे तिथे जमीन हातभर खचली तरी हिशेब पूर्ण बदलतो. आधी फक्त पौर्णिमा-अमावास्येला अंगणात पाणी यायचं. त्याला ते रोब म्हणतात. मग आठवड्यातून काही दिवस येऊ लागलं. मग रोज. आणि मग एक दिवस आलेलं पाणी गेलंच नाही, कारण जमीन ओहोटीच्या पाण्याच्याही खाली गेली होती.

माणसांनी काय केलं, तर घरात भराव टाकला. भिंत तीच, छप्पर तेच, जमीन मात्र वर. काही वर्षांनी पुन्हा भराव. ज्यांना पैसे जमले त्यांनी तीन-चार वेळा केलं. मी ज्या घरात गेले तिथे दारातून कमरेत वाकून शिरावं लागलं आणि आत बसल्यावर खिडकी माझ्या मांडीच्या पातळीला होती. छपराला हात लागत होता. भराव परवडेना तेव्हा लोकांनी घरात लाकडी फळ्यांचा माळा घातला आणि त्या माळ्यावर संसार मांडला. खाली, फळ्यांच्या फटींतून, पाणी हलताना दिसतं. रात्री त्याचा आवाज येतो. घरांना जोडणाऱ्या वाटाही आता फळ्यांच्या आहेत, लोकांनी वर्गणी काढून बांधलेल्या. मोटारसायकली दूर पक्क्या रस्त्यावर ठेवायच्या आणि पुढे होडीने यायचं. कबरस्तान पाण्याखाली गेलं होतं, त्यावरही गावाने भराव घालून ते वर आणलं. घरं अर्धी बुडालेली असताना लोकांनी त्यासाठी पैसे काढले, हे मला फार मोठं वाटतं.

मग ही माणसं तिथे का राहतात? पुष्कळ जण गेले. शेजारच्या बेदोनोची ताम्बाकसारी वाडी 1999 मध्ये आणि रेजोसारी-सेनिक वाडी 2006 मध्ये हलवली. ताम्बाकसारीत आता मोजकी घरं आहेत आणि एका सत्पुरुषाची कबर आहे, चहूबाजूंनी समुद्र आणि मधोमध ती. आपल्या हाजी अलीसारखे तिथे भाविक येतात, तिवरांमधून काढलेल्या पायवाटेने. पण जे राहिले ते हट्टी म्हणून राहिले असं समजू नका. गावातल्या गावात आज जे उत्पन्न मिळतं ते पाण्यातून आहे. शेत बुडालं, तिथे आता पिंजरे टाकून खेकडे मिळतात. पिंजऱ्याला ते बुबू म्हणतात. बारीक कोळंबी मिळते, तिची तेरासी होते, म्हणजे आंबवलेला कोळंबीचा गोळा, तिकडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात लागणारा. बांबू रोवून हिरवे शिंपले वाढवतात. पुनर्वसनाची जागा आत पाच-सात किलोमीटरवर दिली, तर होडी कुठे बांधायची? भरतीची वेळ पहाटे तीनची असेल तर जाळ्यावर कसं पोहोचायचं? किनाऱ्यावरच्या माणसाला घर आणि होडी एका नजरेत लागतात. हे इथे मी कुणाला समजावून सांगायला नको.

तरुण मुलं-मुली मात्र सायुंग आणि सेमारांगच्या कारखान्यांत जातात. त्याबद्दल मला हळहळ वाटत नाही. महिन्याचा पगार ठरलेला असतो आणि पश्चिमी वाऱ्याच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, समुद्र खवळलेला असताना घर त्याच पगारावर चालतं. पूर्वी त्या तीन महिन्यांत व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि मग वर्षभर त्यालाच माल द्यायचा, तो म्हणेल त्या भावाने. मुलीच्या पगाराने ती उचल सुटली तर बापाला आपला खेकडा लिलावात नेता येतो.

खेकड्याचं थोडं सांगते. जावाच्या या किनाऱ्यावर राजुंगान नावाचा निळसर, पोहणारा खेकडा मिळतो. देमाकचंच बेताहवालांग गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचं मांस काढून डबाबंद करतात आणि त्याचा सर्वात मोठा गिऱ्हाईक अमेरिका. मांस काढायचं काम बहुतेक सगळं बायकांचं, वजनावर मजुरी. सरकारने नियम केला आहे की पाठीची रुंदी 10 सेंटिमीटरपेक्षा कमी असलेला आणि अंडी धरलेला खेकडा सोडून द्यायचा. नियम चांगला आहे. पण रात्रभराच्या डिझेलचे पैसेसुद्धा निघाले नसतील, तर पिंजऱ्यातला साडेनऊ सेंटिमीटरचा खेकडा कोण परत टाकेल? जे मोठे व्यापारी तो विकत घेतात, त्यांच्या दारात नियम लावला तर पिंजऱ्यापर्यंत पोहोचेल.

बायकांचाच विषय निघाला म्हणून. देमाकमध्ये अनेक बायका नवऱ्याबरोबर होडीवर जातात. जाळं टाकतात, ओढतात, इंजिन धरतात. पण ओळखपत्रावर व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’. इंडोनेशियात 2016 मध्ये कोळी, मत्स्यशेतकरी आणि मिठागरवाल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. विमा, मदत, डिझेलची सवलत हे सगळं ‘नेलायान’, म्हणजे कोळी, अशी नोंद असलेल्याला. एकाच होडीवर दोघं, वादळात सापडले तर विमा एकाला. मस्नुआ नावाच्या देमाकच्याच एका कार्यकर्तीने 2005 मध्ये ‘पुस्पिता बहारी’ ही कोळी बायकांची संघटना सुरू केली आणि या संघटनेने ओळखपत्रावरचा तो एक शब्द बदलून घेण्यासाठी कार्यालयांचे उंबरे झिजवले. काही बायकांच्या कार्डावर तो बदलला. कार्यालयात त्यांना विचारलं जायचं की बाई कोळी कशी असेल. आपल्याकडे मासे विकणाऱ्या बाईला निदान बाजारात मान आहे, पण मच्छीमार म्हणून सरकारी यादीत किती जणींची नावं आहेत, हे घरी गेल्यावर जरूर बघा.

कागदाची दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. इंडोनेशियाचा 1960 चा मूळ जमीन कायदा सांगतो की जमीन ‘मुस्नाह’ झाली, म्हणजे नष्ट झाली, की तिच्यावरची मालकी संपते. कायदा करताना नदीने खाल्लेली शेतं डोळ्यांसमोर असतील. आता सेमारांग ते देमाक टोलरस्ता होतो आहे आणि त्याचा सेमारांगकडचा भाग समुद्राची भिंत म्हणूनही काम करणार आहे. त्याच्या वाटेत ज्यांची बुडालेली शेतं आली त्यांना सांगण्यात आलं की ही जमीन नष्ट झालेली आहे. म्हणून बाजारभावाने मोबदला नाही, सहानुभूती म्हणून काही रक्कम मिळेल. विचार करा, तुमचा सातबारा तुमच्या पेटीत आहे, तुमच्या आजोबांनी त्या शेतात नांगर धरलेला तुम्ही पाहिला आहे, तुमच्या एका शब्दाशिवाय कुणीतरी शेजारी पाणी उपसलं म्हणून ते बुडालं, आणि आता ते तुमचं नाही. मला हा उघड अन्याय वाटतो.

मग पुढे काय? प्रयत्न झाले आहेत. 2015 पासून देमाकच्या किनाऱ्यावर सरकार आणि डच संस्थांनी मिळून बांबू आणि फांद्यांचे सच्छिद्र बांध घातले. लाट त्यांतून गाळली जाते, मागे गाळ साठतो आणि त्यावर तिवरं आपोआप रुजतात. फार सुंदर कल्पना आहे ती. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या पहिल्या दहा आदर्श पुनरुज्जीवन कामांत तिला स्थान दिलं. काही जागी गाळ धरला, तिवरं आली, तळ्यांचं उत्पन्नही वाढलं. पण लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी खांब खाल्ले आणि पुष्कळ ठिकाणी जितका गाळ साठला त्यापेक्षा जमीन जास्त खचली.

आता अध्यक्ष प्राबोवो यांचं सरकार जावाच्या उत्तर किनाऱ्यावर सुमारे 500 किलोमीटरची महाभिंत बांधायचं म्हणतं आहे. खर्चाचा अंदाज 80 अब्ज डॉलर. शहरांना ती हवी असेल. पण भिंतही त्याच कोवळ्या गाळावर उभी राहणार. भिंतीच्या आत जे कोळी सापडतील त्यांचा समुद्र तुटेल, बाहेर राहतील त्यांच्यावर लाट अधिक जोराने येईल. पाणी उपसणं थांबवलं तर काय होतं याचं उदाहरण आशियातच आहे. टोकियो विसाव्या शतकात असंच खचत होतं, साठ-सत्तरच्या दशकांत भूजल उपशावर कडक बंधनं आली आणि खचणं जवळपास थांबलं. तिथे आधी नळाला आणि कारखान्यांना नदीचं पाणी दिलं, मग विहिरी बंद केल्या. सेमारांगच्या कारखान्यांना नळाने पुरेसं पाणी पोहोचवणं हे महाभिंतीपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे. गेलेली जमीन त्याने वर येणार नाही, पण आजची फळीची वाट आहे तिथेच राहील.

मी शेवटची गेले तेव्हा ती वाट वर उचलायचं काम चालू होतं. गावातले आठ-दहा पुरुष कमरेपर्यंत पाण्यात उभे होते, जुने खांब तसेच ठेवून त्यांना नवे तुकडे जोडत होते. बायका वर फळ्या मोजत होत्या. शाळेची मुलं गणवेशात, बूट हातात घेऊन, अर्ध्या उचललेल्या आणि अर्ध्या जुन्या वाटेच्या मधली पायरी उड्या मारून पार करत होती. जुन्या फळीपासून नवी फळी किती वर घेतली, हे मी एकाला विचारलं. त्याने वीत पसरून दाखवली, मग थोडा विचार करून वर आणखी चार बोटं धरली.