जिन्याखालची खोली

(दृश्य: सोसायटीचा जिना. जिन्याखाली बुटकं लाकडी दार. कुलूप उघडणारा हात.)

ही खोली मुळात पाण्याच्या पंपाची. पंप बाहेर हलवला तेव्हा इथे गणपतीच्या मंडपाचे बांबू आले, मग कुणाच्या तरी मुंजीतून उरलेल्या खुर्च्या. आता दार उघडलं की समोर वॉकर दिसतात, एकात एक अडकवून भिंतीला लावलेले. त्यामागे दोन व्हीलचेअर, कमोडच्या तीन खुर्च्या, कुबड्या, एअर बेडचा पंप. आणि खिळ्याला सुतळीने टांगलेली वही, कोणती वस्तू कुणाला वापरायला दिली ते लिहायची.

पहिला वॉकर आमच्या घरचा. दादा, म्हणजे माझे सासरे, खुब्याच्या ऑपरेशननंतर चार महिने त्याच्या आधाराने चालले. पाचव्या महिन्यात गेले. दिवस झाले, कपडे देऊन टाकले, उरलेली औषधं टाकली. वॉकरचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. भंगारवाल्याने तो एका हाताने उचलून पाहिला आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाव सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे." वॉकर माळ्यावर गेला.

दोन वर्षांनी बी विंगमधल्या काकू दारात उभ्या. "तुमच्याकडे दादांचा वॉकर होता ना गं? आमचे हे बाथरूममध्ये पडले." माळ्यावरून काढला, पुसला, दिला. त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक ओळ टाकली, की असं काही कुणाकडे पडून आहे का.

आठवड्यात चार वॉकर आले. दोन्ही चाकांतली हवा गेलेली व्हीलचेअर आली. एकांनी पलंगाखालून कमोडची खुर्ची काढली, तिच्यावर कांदे वाळत घातलेले. एक रुपया खर्च झाला नव्हता. सामान घराघरांत होतंच, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

(दृश्य: सायकलच्या दुकानात उलटी ठेवलेली व्हीलचेअर. पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली ट्यूब, वर येणारे बुडबुडे.)

व्हीलचेअरचं पंक्चर सायकलवालाच काढतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. पहिल्यांदा त्याने पैसे घेतले. दुसऱ्यांदा विचारलं, "ही कुणाची?" सांगितलं. तेव्हापासून तो पंक्चरचे घेत नाही, ट्यूबचे घेतो. मला हा हिशेब फार पटला.

खरी अडचण आली ती पुढे. लोक पैसे देऊ लागले. कुणी पाचशे, कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाचे दोन हजार. ते घ्यायचे का, कुठे ठेवायचे, सांगायचे कुणाला? मागायची तर मला भयंकर लाज वाटायची. समाजकार्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या, पण त्यांची मला धास्तीच वाटे. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाई भाऊराव पाटलांनी मंगळसूत्र मोडलं, हे ऐकलं की हात जोडावेत आणि गुपचूप घरी यावं असं होतं. आपल्याला ते जमणार नाही, हे पक्कं ठाऊक असतं. त्याच काळात बायका स्वयंपाकाआधी धान्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकत आणि मुष्टिफंड म्हणून ते धान्य गोळा होई, ही गोष्ट मात्र भाषणांत क्वचित येते. मूठ कुणालाही जमली असती.

(दृश्य: पुण्यातलं कर्वेनगर. वाहनांची गर्दी. मग कमानीतून आत, झाडांखाली एक जुनी झोपडी.)

आमच्या सोसायटीपासून पंधरा मिनिटांवर ही झोपडी आहे. इतकी वर्षं तिच्यावरून स्कूटरने गेले, आत गेले नव्हते.

धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला, मोजक्या विधवा मुलींना घेऊन. स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. तीन वर्षं आधी, 1893 मध्ये, त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं होतं, म्हणजे पुढच्या आनंदीबाई. या लग्नापायी मुरुडकरांनी, म्हणजे त्यांच्या कोकणातल्या गावानेच, त्यांना वाळीत टाकलं. याच मुरुडसाठी त्यांनी पूर्वी 'मुरुड फंड' काढून वर्गणी जमवलेली. प्लेगने आश्रमाला गावाबाहेर काढलं आणि तो इथे, तेव्हाच्या हिंगण्याच्या माळावर आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी जमीन दिली. 1900 सालची ही झोपडी. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग पायी हिंगणं गाठायचं, पावसाळ्यात चिखल तुडवत. आज त्याच वाटेवर सिग्नलला तीनदा थांबावं लागतं.

लोकांच्या लक्षात राहते ती विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी. ती 1920 मधली, कर्व्यांनी पुढे काढलेल्या महिला विद्यापीठाला मिळालेली. आश्रम सुरू झाल्याला तोवर चोवीस वर्षं झाली होती. ती चोवीस वर्षं कशावर निघाली? पगारातून बाजूला काढलेल्या पैशांवर आणि दारोदार जाऊन आणलेल्या वर्गणीवर.

त्या दारोदार जाण्यात पार्वतीबाई आठवले होत्या. आनंदीबाईंची सख्खी बहीण, देवरुखची, तरुणपणीच विधवा झालेली. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. 1918 मध्ये अमेरिकेला गेल्या. इंग्रजी येत नव्हतं, तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवून परतल्या. मला शेजारच्या विंगमध्ये पावतीबुक घेऊन जायला लाज वाटत होती.

(दृश्य: पावतीबुक. निळा कार्बन पेपर. पेनाने लिहिणारी बोटं.)

पावतीबुक छापून आणलं. पाच रुपयांची असली तरी पावती. महिन्याच्या एक तारखेला जमाखर्च जिन्याच्या नोटीस बोर्डावर लागतो, ट्यूबच्या पैशांसकट. मोठ्या देणग्यांपेक्षा या कागदाने जास्त माणसं जोडली, असं माझं मत आहे. लोक जिना चढता चढता थांबून बेरीज तपासतात. एकदा चाळीस रुपयांची चूक निघाली, ती आठवीतल्या एका मुलाने काढली.

फटकाही बसला. एक फाउलर कॉट, डोक्याकडून वर होणारी, चांगल्यापैकी महाग, गेली ती गेली. रुग्ण वारले, घरच्यांनी भाड्याची जागा सोडली, फोन लागेना. त्या रात्रीच्या मीटिंगमध्ये सगळ्याच वस्तूंवर जबर अनामत लावायचं ठरत होतं. दोन तास वाद झाला. शेवटी ठरलं की कॉटवर अनामत वाढवायची, वॉकर आणि काठीला शून्य. ज्याला रात्री दहा वाजता वॉकर लागतो तो पैसे काढायला एटीएम शोधत बसणार का?

"ट्रस्ट करून टाका," हा सल्ला आम्हाला पहिल्या महिन्यातच मिळाला. आम्ही दोन वर्षं थांबलो. संस्था नोंदवायची तर 1860 च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तालयात नोंदणी होते. मग दरवर्षी हिशेब, ऑडिट, बदल अर्ज. देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता (80 जी) मिळाली तर जुन्या करप्रणालीत कर भरणाऱ्या देणगीदाराला सवलत मिळते, पण दोन हजारांवर रोख दिली तर नाही. हे सगळं करावंच, पण सात माणसं खरोखर येतात की नुसती सही देतात ते आधी बघून घ्यावं. आमची पहिली यादी बारा जणांची होती. कॉट पुसायला चौघं आले.

(दृश्य: गच्चीवर उन्हात ठेवलेल्या कमोडच्या खुर्च्या.)

परत आलेली वस्तू धुवायची, फिनेल लावायचं, उन्हात ठेवायची. वॉकरच्या पायांचे रबरी बूट उलटे करून बघायचे. झिजून गुळगुळीत झाले असतील तर तो वॉकर द्यायचा नाही, फरशीवर सटकतो. उंची लावून द्यायची. माणूस सरळ उभा राहून हात खाली सोडेल तेव्हा मूठ मनगटाशी आली पाहिजे. हे आम्हाला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं, जिन्यातच, भाजीची पिशवी खाली ठेवून.

आणि खुर्ची न्यायला आलेला माणूस नुसती खुर्ची नेत नाही. तो बसतो, बिलाचा आकडा सांगतो. म्हणून दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायचं, आणि बिल झाल्यावर नाही, दाखल करतानाच. एवढं सांगायला पैसे लागत नाहीत. कधी कधी व्हीलचेअरपेक्षा याचाच उपयोग जास्त होतो.

(दृश्य: वहीचं पहिलं पान. बोट एका ओळीवर थांबतं.)

दादांचा वॉकर आत्ता खोलीत नाही. वाटेत कुणीतरी त्याच्या मुठींना जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली, हाताला गार लागू नये म्हणून. आम्ही ती काढली नाही, फक्त धुतो. परवा सासूबाईंनी वही मागून घेतली आणि चष्मा लावून मोठ्याने वाचली.

क्रमांक एक. वॉकर, घडीचा. एकोणिसाव्यांदा दिला. पत्ता, वारज्याचा. अनामत नाही. परत आल्याची तारीख, रिकामी.